एकाच प्रोग्रॅमची एकाच वेळी चालणारी सेशन्स कशी ओळखायची: गेटपीआयडी आणि त्यापुढचं

रात्री चालणाऱ्या डेटा-आयातीच्या प्रोग्रॅमचा लॉग (म्हणजे त्याने काय केलं याची नोंदवही) सकाळी उघडला आणि त्यात हे दिसलं, तर काय निष्कर्ष काढाल?

१०:१४:०२ आयात सुरू
१०:१४:०२ आयात सुरू
१०:१४:०३ ५०० नोंदी वाचल्या
१०:१४:०५ फाइल उघडता आली नाही
१०:१४:०६ आयात पूर्ण

दोनदा सुरू झालं, एकदाच पूर्ण झालं. शेड्युलरने (ठरल्या वेळी प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या सोयीने) सोडलेली एक प्रत आणि कुणीतरी हाताने चालवलेली दुसरी, अशा दोन प्रती एकाच फाइलीत लिहीत होत्या एवढं कळतं. पण पूर्ण झाली ती कोणती, फाइल कुणाला उघडता आली नाही आणि त्या ५०० नोंदी कुणाच्या, हे शोधायला या पाच ओळींत काहीच नाही. वेळेवरून जुळवायला जावं तर दोन्ही प्रती एकाच सेकंदाला सुरू झालेल्या.

यावरचा पहिला उपाय जवळजवळ प्रत्येक भाषेत तयार मिळतो. पायथनमध्ये त्याचं नाव गेटपीआयडी. तो एका ओळीत वापरता येतो, आणि त्यामुळेच बरेच जण तिथे थांबतात. ती ओळ किती पुरते, कुठे दगा देते आणि तिच्या जोडीला काय लावायचं, ते आता क्रमाने पाहू. उदाहरणं पायथन आणि लिनक्सची घेतली आहेत, डेटाबेससाठी पोस्टग्रेस. फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना अर्थातच मूळ स्पेलिंग वापरायचं.

आधी एक गोष्ट पक्की करून घेऊ. डिस्कवर असते ती प्रोग्रॅमची फाइल. ती चालवली की ऑपरेटिंग सिस्टिम एक प्रोसेस तयार करते. तीच फाइल तीनदा चालवली तर तीन प्रोसेस, प्रत्येकीची मेमरी वेगळी, उघडलेल्या फाइली वेगळ्या. या लेखात सेशन म्हणजे अशी एक प्रोसेस, सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत.

पायरी १: नंबर विचारून घ्या

प्रत्येक प्रोसेसला ऑपरेटिंग सिस्टिम एक पूर्णांक देते, तोच प्रोसेस आयडी किंवा पीआयडी. आपण फक्त विचारायचं:

इम्पोर्ट ओएस
प्रिंट(ओएस.गेटपीआयडी())

दोन टर्मिनल उघडून दोन्हीकडे हे चालवा. एकीकडे ४८१७ आला तर दुसरीकडे ४८२२ असा काहीतरी वेगळा आकडा येईल. तिसऱ्या टर्मिनलमध्ये पीएस कमांड चालवली आणि प्रोग्रॅम तोवर चालू असेल, तर तेच दोन आकडे यादीत सापडतील. प्रोग्रॅम लगेच संपत असेल तर शेवटी इनपुट() टाकून त्याला थांबवून ठेवा.

सोबत गेटपीपीआयडीही छापून पाहा. तो पालक प्रोसेसचा नंबर देतो, म्हणजे ज्याने आपल्याला सुरू केलं त्याचा. शेलमधून (टर्मिनलमध्ये कमांड घेणाऱ्या प्रोग्रॅममधून) चालवलं असेल तर शेलचा, क्रॉनने (लिनक्सच्या शेड्युलरने) चालवलं असेल तर क्रॉनने जन्माला घातलेल्या प्रोसेसचा. वरच्या लॉगमध्ये हा एक आकडा असता तर हाताने चालवलेली प्रत कोणती हे तेव्हाच कळलं असतं. मात्र हा नंबर सुरुवातीलाच टिपून ठेवा. पालक आधी संपला तर लिनक्सवर बहुधा १ असं उत्तर येऊ लागतं, कारण अनाथ प्रोसेस इनिटच्या, म्हणजे सिस्टिमच्या पहिल्या प्रोसेसच्या, पदरात जाते. विंडोजवर उलट, पालक गेल्यावरही जुनाच नंबर मिळत राहतो, आणि तो एव्हाना भलत्याच प्रोग्रॅमला दिलेला असू शकतो.

पायरी २: लॉगच्या प्रत्येक ओळीत घाला

हाताने प्रत्येक प्रिंटमध्ये पीआयडी जोडत बसू नका. पायथनच्या लॉगिंग मॉड्यूलमध्ये प्रत्येक नोंदीसोबत प्रोसेस नावाचा घटक आधीपासून असतो. फॉरमॅट ठरवताना तो मागवला की झालं. प्रोसेसनेम, थ्रेड, थ्रेडनेम हेही तसेच मिळतात (थ्रेड म्हणजे एकाच प्रोसेसमध्ये समांतर चालणारा कामाचा धागा). मग तोच लॉग असा दिसतो:

१०:१४:०२ [४८१७] आयात सुरू
१०:१४:०२ [४८२२] आयात सुरू
१०:१४:०३ [४८१७] ५०० नोंदी वाचल्या
१०:१४:०५ [४८२२] फाइल उघडता आली नाही
१०:१४:०६ [४८१७] आयात पूर्ण

आता ग्रेप या शोधायच्या कमांडने ४८२२ शोधलं की त्या सेशनची सगळी गोष्ट एका नजरेत. चौकोनी कंस मुद्दाम ठेवा आणि शोधतानाही कंसासकट शोधा, नाहीतर ४८२२ हा आकडा एखाद्या नोंदीच्या क्रमांकातही सापडतो आणि नको त्या ओळी हाती येतात.

इथे एक अडचण उरतेच. पायथनचं लॉगिंग एकाच प्रोसेसमधल्या अनेक थ्रेडना सांभाळतं, पण अनेक प्रोसेसनी एकाच फाइलीत लिहिणं त्याच्या हमीत बसत नाही. छोट्या ओळी बहुतेक वेळा नीट उतरतात, म्हणून हे लक्षात येत नाही. गडबड होते ती लॉग फिरवताना. आकार मर्यादेपलीकडे गेला की एक प्रोसेस जुन्या फाइलीचं नाव बदलून नवी उघडते. दुसरी प्रोसेस मात्र जुनीच फाइल धरून तिच्यात लिहीत राहते, किंवा थोड्या वेळाने तीही फिरवते आणि मधला तुकडा हरवतो. माझ्या मते सर्वांत कमी कटकटीचा मार्ग म्हणजे प्रोग्रॅमने फाइलीच्या भानगडीत पडूच नये. स्टँडर्ड आउटपुटवर लिहावं आणि गोळा करण्याचं काम सिस्टिमडीच्या (लिनक्सवरच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या) जर्नलवर किंवा सिसलॉग या नोंदी गोळा करणाऱ्या सेवेवर सोडावं. ते शक्य नसेल तर क्यूहँडलर वापरून सगळ्या प्रोसेसच्या नोंदी एका रांगेत टाका आणि एकच प्रोसेस त्या फाइलीत उतरवेल असं करा.

पायरी ३: पीआयडी कायमचा नसतो, हे धरून चला

काउंटरवरचं टोकन ४२ सकाळीही कुणाला तरी मिळतं आणि दुपारीही. पीआयडीचं तसंच आहे. प्रोसेस संपली की तिचा नंबर मोकळा होतो आणि पुढे दुसऱ्या कुणाला तरी मिळतो. एका क्षणी दोन जिवंत प्रोसेसना एकच पीआयडी नसतो, एवढीच हमी.

लिनक्स साधारणपणे नंबर चढत्या क्रमाने देत जातं आणि मर्यादा आली की पुन्हा खालून सुरुवात करतं. फेरी मारल्यानंतर अगदी १ पासून न करता ३०० पासून, कारण त्याखालचे नंबर सिस्टिमच्या सुरुवातीच्या प्रोसेससाठी सोडलेले असतात. ही मर्यादा /प्रॉक/सिस/कर्नल/पीआयडी_मॅक्स या फाइलीत वाचता येते. पारंपरिक मूल्य ३२७६८. ६४ बिट यंत्रांवर ती ४१९४३०४ पर्यंत वाढवता येते आणि हल्लीचं सिस्टिमडी ती आपणहून तेवढी वाढवून ठेवतं. मर्यादा ३२७६८ असलेल्या यंत्रावर एखादी शेल स्क्रिप्ट लूपमध्ये बारीकसारीक कमांड चालवत बसली असेल, तर पूर्ण फेरी व्हायला फार वेळ लागत नाही. आणि यंत्र रीस्टार्ट झालं की सगळी मोजणी मुळापासून सुरू.

म्हणून मंगळवारच्या आणि शुक्रवारच्या लॉगमध्ये दोन्हीकडे [४८१७] दिसलं तर ते एकच सेशन समजू नका.

यातून सुटायला पीआयडीच्या जोडीला प्रोसेस सुरू झाल्याची वेळ लावायची. तोच नंबर पुन्हा दिला गेला तरी सुरुवातीची वेळ वेगळी असेल. ही युक्ती नवी नाही. पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये ओळीच्या सुरुवातीला टक्के-सी हे चिन्ह मागवलं तर जो सेशन आयडी छापला जातो, तो नेमका असाच बनतो: प्रोसेस सुरू झाल्याची वेळ, मग टिंब, मग पीआयडी, दोन्ही हेक्साडेसिमलमध्ये.

लिनक्सवर ही वेळ /प्रॉक/४८१७/स्टॅट या फाइलीत २२ व्या रकान्यात असते. ती घड्याळाची वेळ नसते, यंत्र सुरू झाल्यापासून किती टिक गेले तो आकडा असतो. बहुतेक यंत्रांवर सेकंदाला १०० टिक. फाइल वाचताना सरळ स्पेसवर तोडून बाविसावा तुकडा उचलण्याचा मोह होतो. तो टाळा. दुसऱ्या रकान्यात कंसात प्रोग्रॅमचं नाव असतं आणि त्या नावात स्पेस असू शकते, कंसही असू शकतो. म्हणून आधी ओळीतला शेवटचा बंद होणारा कंस शोधायचा, त्याच्या पुढचा भाग तोडायचा आणि त्यातला विसावा तुकडा घ्यायचा. हे स्वतः लिहायचं नसेल तर पीएसयूटिल नावाची लायब्ररी आहे. तिच्यातलं क्रिएट_टाइम ही वेळ थेट देतं, लिनक्स, मॅक, विंडोज तिन्हींवर. नुसतं डोळ्यांनी पाहायचं असेल तर पीएस कमांडला एलस्टार्ट हा रकाना मागा.

पायरी ४: स्वतःचा सेशन आयडी बनवा

बाहेरून एखादी चालू प्रोसेस ओळखायची असेल तेव्हा पीआयडी आणि सुरुवातीची वेळ ही जोडी उत्तम. पण प्रोग्रॅम आपला असेल, तर आणखी एक सोपी गोष्ट हातात आहे: सुरू होताना एक यादृच्छिक आयडी तयार करायचा. यूयूआयडी मॉड्यूलमधलं यूयूआयडी४ हे काम करतं. त्यात १२२ बिट यादृच्छिक असतात, त्यामुळे योगायोगाने दोन सेशन्सना एकच आयडी मिळण्याची चिंता व्यवहारात करायला नको.

मग पीआयडी कशाला ठेवायचा? कारण यूयूआयडी घेऊन तुम्हाला किल ही प्रोसेस बंद करणारी कमांड देता येत नाही. प्रोसेस अडकली आहे, सीपीयू खाते आहे, तर टॉपमध्ये (चालू प्रोसेस आणि त्यांचा सीपीयू-वापर दाखवणाऱ्या कमांडमध्ये) दिसतो तो पीआयडीच. दोन्ही हवेत. मी सुरुवातीला एकच भरगच्च ओळ लिहितो: यूयूआयडी, होस्टनेम (यंत्राचं नाव), पीआयडी, पालकाचा पीआयडी, सुरू झाल्याची वेळ, प्रोग्रॅमची आवृत्ती आणि सिस.आर्गव्ही, म्हणजे कोणत्या पर्यायांसह चालवलं ते. पुढच्या ओळींत फक्त यूयूआयडीची पहिली आठ अक्षरं आणि पीआयडी. एवढ्याने ओळी फार लांबत नाहीत आणि सगळा तपशील हवा असेल तेव्हा पहिल्या ओळीकडे जाता येतं. आर्गव्हीत कुणी पासवर्ड देत असेल तर तो लॉगमध्ये जाणार नाही याची काळजी घ्या; खरं तर पासवर्ड तिथे द्यायचाच नसतो, कारण पीएसमध्ये तो यंत्रावरच्या इतरांनाही दिसू शकतो.

होस्टनेमबद्दल थोडं. कंटेनरमध्ये, म्हणजे यंत्रावरच्या एका वेगळ्या बंदिस्त कप्प्यात, प्रोग्रॅम चालत असेल तर त्याचा पीआयडी बहुतेक वेळा १ असतो, कारण प्रत्येक कंटेनरला पीआयडींची आपली स्वतंत्र यादी मिळते. एकाच सेवेचे दहा कंटेनर असतील तर दहाही जण छातीठोकपणे सांगतात, मी १. तिथे पीआयडी ओळख म्हणून शून्य कामाचा. कंटेनर चालवणारा डॉकर हा प्रोग्रॅम मुद्दाम वेगळं सांगितलं नसेल तर कंटेनरच्या आयडीची पहिली १२ अक्षरं होस्टनेम म्हणून देतो, त्यामुळे सॉकेट.गेटहोस्टनेम() जोडलं की ओळी वेगळ्या काढता येतात.

पायरी ५: फोर्कचा सापळा

हा भाग सावकाश वाचा, कारण इथली चूक चाचणीत सापडत नाही, गर्दीच्या वेळी सापडते.

कोडमध्ये सुरुवातीला कुणीतरी असं लिहितं: माझा_पीआयडी = ओएस.गेटपीआयडी(). पुढे सगळीकडे हेच व्हेरिएबल वापरलं जातं. प्रोग्रॅमने फोर्क केलं, म्हणजे स्वतःची नक्कल काढून चार कामगार प्रोसेस तयार केल्या, की मेमरीची नक्कल होते आणि माझा_पीआयडी जशाच्या तसा चौघांकडे जातो. चौघेही लॉगमध्ये पालकाचाच नंबर लिहितात. पायरी ४ मधल्या यूयूआयडीचंही तेच. तो फोर्कच्या आधी बनवला असेल तर सगळ्या मुलांकडे एकच.

पीआयडी साठवून ठेवणं ही चूक नवशिक्यांचीच असं समजू नका. लिनक्सची सी लायब्ररी ग्लिबसी २.३.४ पासून २.२४ पर्यंत वेग वाढवण्यासाठी पीआयडी साठवून ठेवत असे, आणि विशिष्ट पद्धतीने प्रोसेस तयार केली की जुनाच नंबर परत मिळत असे. २.२५ मध्ये ती साठवण काढून टाकली. गेटपीआयडीचा खर्च इतका थोडा आहे की दर वेळी विचारणंच बरं.

यूयूआयडीसाठी ओएस.रजिस्टर_ॲट_फोर्क वापरा. हे पायथन ३.७ पासून आहे. त्याच्या आफ्टर_इन_चाइल्ड या पर्यायाला एक फंक्शन द्यायचं. मूल जन्मताच ते चालतं. तिथे जुना आयडी पालक-आयडी म्हणून बाजूला ठेवा आणि नवा बनवा. असं केलं की लॉगवरून अख्खी वंशावळ लावता येते.

मल्टिप्रोसेसिंग मॉड्यूल वापरणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. मॅकवर पायथन ३.८ पासून आणि विंडोजवर पहिल्यापासून नवी प्रोसेस स्पॉन पद्धतीने सुरू होते, म्हणजे इंटरप्रिटर कोरा सुरू होऊन मॉड्यूल पुन्हा वाचलं जातं. लिनक्सवर फोर्क हा ठरलेला मार्ग होता, पण ३.१४ पासून तो फोर्कसर्व्हर झाला. त्यामुळे मॉड्यूलच्या वरच्या पातळीवर लिहिलेली आयडी बनवणारी ओळ एका ठिकाणी एकदाच चालते तर दुसऱ्या ठिकाणी प्रत्येक कामगारात पुन्हा चालते. तोच कोड, दोन यंत्रांवर दोन वागणुकी. आयडी बनवणं एका फंक्शनात ठेवा आणि कामगाराच्या सुरुवातीच्या फंक्शनातून ते मुद्दाम बोलवा. मग पद्धत कोणतीही असो.

पायरी ६: दुसरी प्रत चालूच द्यायची नसेल तर

बऱ्याचदा सेशन ओळखण्यामागचा खरा हेतू हाच असतो: आयात आधीच चालू असेल तर दुसरीने गुपचूप माघारी फिरावं. यासाठी सर्रास दिसणारी पद्धत म्हणजे पीआयडी फाइल. सुरू होताना आयात.पीआयडी या फाइलीत नंबर लिहायचा, संपताना ती पुसायची, आणि फाइल आधीच असेल तर त्यातला नंबर जिवंत आहे का पाहायचं.

नंबर जिवंत आहे का हे पाहायला लिनक्सवर ओएस.किल ला पीआयडी आणि सिग्नल (प्रोसेसला पाठवायचा इशारा, एक आकडा) म्हणून ० देतात. शून्य सिग्नल कुणाला मारत नाही, फक्त पाठवता आला असता का ते तपासतो. प्रोसेसलुकअपएरर आली तर प्रोसेस नाही. परमिशनएरर आली तर प्रोसेस आहे, पण दुसऱ्या युजरची. हिला नाही समजून पुढे जाणारा कोड पुष्कळदा दिसतो. आणि हा कोड विंडोजवर चुकूनही चालवू नका. तिथे ० या मूल्याचा अर्थ कंट्रोल-सी असा होतो आणि इतर बहुतेक मूल्यांना समोरची प्रोसेस थेट संपवली जाते. जिवंत आहेस का असं विचारायला जाऊन जीव घेतल्यासारखं होतं.

एवढं करूनही पद्धत लंगडीच. वीज गेली, फाइल मागे राहिली, यंत्र पुन्हा सुरू झालं आणि तो नंबर आता भलत्याच प्रोग्रॅमकडे आहे. आपली आयात मात्र आधीच चालू आहे म्हणत रोज माघारी फिरते. शिवाय दोन प्रती एकाच क्षणी आल्या तर दोघीही फाइल नाही असं पाहतात आणि दोघीही पुढे जातात.

त्यापेक्षा कुलपाचं काम कर्नलवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर, सोपवा. लिनक्सवर एफसीएनटीएल मॉड्यूलमधलं एफलॉक वापरायचं. क्रम असा:

१. कुलपाची फाइल ए+ मोडमध्ये उघडा. डब्ल्यू मोडमध्ये नको. तो मोड उघडताक्षणी फाइल रिकामी करतो, म्हणजे कुलूप न मिळालेली प्रतसुद्धा आधीच्या प्रतीने लिहिलेला पीआयडी पुसून टाकते.
२. एफलॉक ला लॉक_ईएक्स आणि लॉक_एनबी हे दोन्ही पर्याय एकत्र द्या. दुसऱ्यामुळे ताटकळत न राहता लगेच उत्तर मिळतं.
३. ब्लॉकिंगआयओएरर आली तर कुलूप दुसऱ्याकडे आहे. सुरुवातीला जाऊन फाइलीतला नंबर वाचा, “४८१७ चालू आहे” असा संदेश द्या आणि बाहेर पडा.
४. कुलूप मिळालं तर सुरुवातीला जा, फाइल रिकामी करा, आपला पीआयडी लिहा, फ्लश करा.
५. फाइल बंद करू नका आणि काम संपल्यावर डिलीटही करू नका.

प्रोसेस कशीही संपली, अगदी किल मायनस नऊने (अडवता न येणाऱ्या सिग्नलने) मारली तरी, कर्नल तिच्या फाइली बंद करतो आणि कुलूप सुटतं. शिळ्या फाइलीचा प्रश्नच उरत नाही. आतला पीआयडी फक्त माणसाला वाचण्यासाठी. निर्णय कुलपावरून होतो.

पाचव्या क्रमांकात दोन खाचखळगे आहेत. फाइल एखाद्या फंक्शनच्या आतल्या व्हेरिएबलमध्ये उघडली तर फंक्शन संपताच पायथन ती ऑब्जेक्ट मोकळी करतो, फाइल बंद होते आणि कुलूप निघून जातं, कुठलीही तक्रार न येता. म्हणून ती मॉड्यूलच्या पातळीवर किंवा दीर्घायुषी ऑब्जेक्टमध्ये धरून ठेवा. दुसरं, डिलीट का करायची नाही? एक प्रत जुनी फाइल उघडून कुलपासाठी उभी असते, तेवढ्यात पहिली ती फाइल पुसते. तिसरी प्रत येते आणि त्याच नावाने नवी फाइल तयार करते. दुसरीला पुसलेल्या फाइलीवर कुलूप मिळतं, तिसरीला नव्या फाइलीवर, आणि दोघीही आपण एकट्याच आहोत या समजात कामाला लागतात. रिकामी फाइल पडून राहिली तर काही बिघडत नाही.

फोर्कने झालेल्या मुलांकडे हेच कुलूप वाटून जातं हेही ध्यानात असू द्या. पालक मेला आणि एखादं मूल मागे रेंगाळलं, तर कुलूप अडकलेलंच राहतं. फाइल ठेवायची ती स्थानिक डिस्कवर, नेटवर्क ड्राइव्हवर नाही.

विंडोजवर एफसीएनटीएल नाही. तिथे एमएसव्हीसीआरटी मॉड्यूलमधलं लॉकिंग किंवा नाव दिलेला म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप) वापरतात.

पायरी ७: एकाच प्रोसेसमधली अनेक कामं

वेब सर्व्हरसारख्या प्रोग्रॅममध्ये एका प्रोसेसमध्येच शंभर विनंत्या चालू असतात. तिथे पीआयडी सगळ्यांचा एकच. थ्रेड असतील तर थ्रेडिंग.गेट_आयडेंट() वेगळा आकडा देतं, पण थ्रेड संपला की तोही पुन्हा वापरला जातो. टॉप किंवा पीएसमध्ये दिसणाऱ्या थ्रेडशी जुळवायचं असेल तर ३.८ पासून मिळणारं गेट_नेटिव्ह_आयडी घ्या. असिंक कोडमध्ये, जिथे एकच थ्रेड आलटून पालटून अनेक कामं करतो, थ्रेडही एकच असतो, म्हणून तिथे प्रत्येक विनंतीला आपला आयडी देऊन तो काँटेक्स्टव्हार मध्ये (प्रत्येक कामाला आपलं वेगळं मूल्य देणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) ठेवायचा. लॉगिंगला एक छोटा फिल्टर लावला की तो आयडी प्रत्येक ओळीत आपोआप उतरतो.

पायरी ८: डेटाबेसच्या बाजूने जुळवणी

प्रोग्रॅम अडकतो तेव्हा तो पुष्कळदा डेटाबेसमधल्या एखाद्या लॉकवर अडकलेला असतो. डेटाबेसची आपली वेगळी सेशन्स असतात आणि तीच विचारणारं फंक्शनही तिथे तयार असतं. पोस्टग्रेसमध्ये पीजी_बॅकएंड_पीआयडी(), मायएसक्यूएलमध्ये कनेक्शन_आयडी(), एसक्यूएल सर्व्हरमध्ये दोन ॲट चिन्हांनंतर एसपीआयडी.

गल्लत होते ती इथे: पीजी_बॅकएंड_पीआयडी जो नंबर देतं तो तुमच्या पायथन प्रोसेसचा नसतो. डेटाबेस सर्व्हरने तुमच्या कनेक्शनसाठी जी प्रोसेस उभी केली तिचा असतो, आणि ती बहुधा दुसऱ्याच यंत्रावर असते. दोन नंबर जुळत नाहीत म्हणून गोंधळू नका. ते जुळणारच नसतात. कनेक्शन मिळताच हा नंबर विचारून आपल्या लॉगमध्ये एकदा लिहा, म्हणजे दोन्ही टोकं बांधली गेली.

उलट दिशेनेही ओळख पटावी म्हणून कनेक्शनचा ॲप्लिकेशन_नेम हा पर्याय भरा. कनेक्शन करतानाच aayat-4817-9f च्या धर्तीवर प्रोग्रॅमचं नाव, पीआयडी आणि सेशन आयडीचा तुकडा द्या. पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी या व्ह्यूमध्ये पीआयडी, बॅकएंड_स्टार्ट, स्टेट यांच्या शेजारीच हे नाव दिसतं. नेहमीच्या बांधणीत ते ६४ बाइटपेक्षा कमी असावं लागतं, जास्तीचं कापलं जातं, म्हणून महत्त्वाचा भाग आधी. आणि ते रोमन अक्षरांतच द्या. आस्कीबाहेरच्या अक्षरांच्या जागी तिथे प्रश्नचिन्हं उमटतात. आवृत्ती १६ पासून प्रश्नचिन्हांऐवजी हेक्साडेसिमल कोड दिसतात, पण वाचायला तेही तितकंच निरुपयोगी. देवनागरीत हौसेने दिलेलं नाव वाया जातं.

मध्ये कनेक्शन पूल, म्हणजे आळीपाळीने वापरायच्या तयार कनेक्शनांचा साठा, असेल तर गणित बदलतं. पूलमधलं एक कनेक्शन आता या विनंतीकडे, थोड्या वेळाने त्या विनंतीकडे. पीजीबाउन्सर हा पोस्टग्रेससाठीचा पूल ट्रान्झॅक्शन पद्धतीने चालत असेल तर एकाच प्रोग्रॅमच्या लागोपाठच्या दोन ट्रान्झॅक्शन वेगवेगळ्या बॅकएंडवर (डेटाबेसच्या बाजूच्या प्रोसेसवर) जाऊ शकतात. अशा वेळी सुरुवातीला एकदा विचारलेला पीआयडी पुढे खोटा ठरतो. ट्रान्झॅक्शन सुरू झाल्यावर, तिच्या आतच विचारा.

पायरी ९: तपासून पाहा, मग मारा

हे सगळं बसवल्यावर मुद्दाम गर्दी करा. तीन टर्मिनलमधून एकाच वेळी प्रोग्रॅम सोडा, एकाला कंट्रोल-सी द्या, एकाला किल मायनस नऊ, तिसरा पूर्ण होऊ द्या. लॉगमध्ये तीन वेगळे आयडी दिसले पाहिजेत आणि कोणता कुठे तुटला ते फक्त लॉग वाचून सांगता आलं पाहिजे. नऊ नंबरच्या सिग्नलने मेलेल्या सेशनची शेवटची ओळ कधीच लिहिली जात नाही. सुरू आहे पण शेवट नाही, असा आयडी दिसला की तो तसा मेला किंवा अजून चालू आहे, हे दोनच पर्याय. मग पीआयडी आणि सुरुवातीची वेळ पडताळून ठरवायचं कोणता.

चालू असलेली प्रत बंद करायची वेळ आली तर तीच पडताळणी किलच्या आधी करा. लॉगमधला नंबर दोन तासांपूर्वीचा असेल तर पीएसमध्ये एलस्टार्ट पाहा. वेळ जुळली नाही तर तो नंबर दुसऱ्याचा झाला आहे. पडताळणी आणि सिग्नल यांच्यामधल्या क्षणातही नंबर बदलू शकतो. तेवढी खात्री हवी असेल तर पायथन ३.९ मधलं आणि लिनक्स ५.३ पासून चालणारं ओएस.पीआयडीएफडी_ओपन घ्या. आधी ते उघडायचं, मग सुरुवातीची वेळ पडताळायची, आणि सिग्नल त्याच हँडलमधून सिग्नल मॉड्यूलच्या पीआयडीएफडी_सेंड_सिग्नल ने पाठवायचा. हँडल त्या विशिष्ट प्रोसेसला धरून राहतं, नंबर कुणाकडेही गेला तरी. पोस्टग्रेसचं बॅकएंड असेल तर आधी पीजी_कॅन्सल_बॅकएंड चालवा. त्याने फक्त चालू क्वेरी थांबते. त्याने भागलं नाही तरच पीजी_टर्मिनेट_बॅकएंड, जे कनेक्शनच तोडतं. बॅकएंडला थेट किल मायनस नऊ कधीच नको: एक बॅकएंड असा अचानक मेला की पोस्टग्रेस शेअर्ड मेमरी बिघडली असेल असं धरून बाकीची सगळी कनेक्शनंही तोडतो आणि रिकव्हरीला बसतो.